दवाखान्यासाठी दिलेली जागा

सदर बाजारात गाड्या अडकणं रायपूरच्या लोकांना नवं नाही. लग्नसराईत तर सोनारांच्या दुकानांपुढे स्कूटरींची अशी दाटी होते की पायी चालणाऱ्यालाही आडवं होऊन निघावं लागतं. अशाच एका लग्नसराईत, भर दुपारी, बुढापारा या जुन्या मोहल्ल्यातल्या एका बोळात माहेरी आलेल्या मोनालीला कळा सुरू झाल्या. आई शेवंता आणि वडील लहानू तिला ऑटोत बसवून निघाले. ऑटो सदर बाजारात शिरला आणि तिथेच थांबला. पुढे वरात, मागे हातगाड्या. लहानू खाली उतरून लोकांना हात जोडत होता, गाड्या सरकवायला सांगत होता. इस्पितळात पोचेपर्यंत फार उशीर झाला. मोनाली वाचली. बाळ वाचलं नाही.

सगळा बोळ हळहळला. 'आपल्या पाऱ्यात एखादं साधं प्रसूतिगृह असतं तर' हे वाक्य तेव्हा प्रत्येक घरात बोललं गेलं.

शेवंता-लहानूची बोळाच्या टोकाला, रस्त्याला लागून पिठाची चक्की होती. वर टिनाचं छप्पर, आत एकच मशीन. गहू, ज्वारी, चिला नावाच्या धिरड्यांसाठी तांदूळ, साऱ्या बोळाचं दळण तिथेच व्हायचं. बाळ गेल्यावर चक्की काही दिवस बंद राहिली. मग सुरू झाली, पण शेवंता पूर्वीसारख्या गप्पा मारेना. डबा घ्यायची, दळायची, द्यायची.

त्याच बोळात दिवाकरराव खानझोडे राहत. त्यांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी विदर्भातून इथे आले, आणि दिवाकररावही रेल्वेतूनच हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाचं पेन्शन थांबलं की लोक त्यांच्याकडे येत. सरकारबद्दल कुणी वाकडं बोललं तर ते म्हणायचे, "सरकार म्हणजे कोनी परका हाये का? आपलंच तं हाये." हे ते नुसतं बोलत नसत, त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं.

वर्ष उलटलं असेल. एका सरकारी विभागाची माणसं फिती घेऊन बोळात आली. त्यांनी टोकाची जागा मोजली. त्यात चक्की आली, शेजारची दोन लहान दुकानं आली, दिवाकररावांच्या घरामागचं अंगण आलं. चार दिवसांनी त्या विभागाचे मोठे साहेब स्वतः दिवाकररावांच्या घरी आले.

"खानझोडे जी, यहाँ मैटरनिटी होम बनाना है," साहेब म्हणाले. "ज़बरदस्ती हम नहीं चाहते. सब राज़ी-खुशी से दे दें तो काम जल्दी हो जाएगा. आप समझा दीजिए."

इतका मोठा अधिकारी आपल्या बैठकीत बसून आपली मदत मागतो, याने दिवाकररावांना भरून आलं. त्यांनी त्याच रविवारी सगळ्यांना अंगणात बोलावलं.

प्रसूतिगृह होणार म्हटल्यावर कुणी विरोध केला नाही. फक्त सुशीलाबाई बोलल्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, बोळाच्या मधोमध राहणाऱ्या, बोलायला फटकळ. त्यांनी संमतीचा कागद नीट वाचला होता.

"जागा देऊ. काहून नाही देनार?" त्या म्हणाल्या. "पन याच्यात नुसतं 'सार्वजनिक उपयोग' लिहून हाये. प्रसूतिगृह असं लिहून द्या म्हना. आन ते नाही झालं तं काय करतीन, तेही लिहा म्हना. मंग सही करू."

दिवाकररावांना हा साहेबांचा अपमान वाटला. "बाई, सरकारच्या शब्दावर भरोसा नाही ठेवाचा तं कोनाच्या ठेवाचा? आन तुमचं घर तं जाऊन नाही राहिलं. ज्यायचं जाऊन राहिलं, ते बोलतीन."

सुशीलाबाईंचा चेहरा उतरला. त्या उठल्या, चपला घातल्या आणि निघून गेल्या.

मग दिवाकरराव शेवंताकडे वळले. "शेवंताबाई, मोनालीसंग जे झालं ते दुसऱ्या पोरीसंग नको व्हाले. आता तुमीच सांगा."

या वाक्यापुढे शेवंता नाही म्हणू शकणार नाही, हे त्यांना कळत होतं. आणि आपण ते चांगल्या कामासाठी बोलतो आहोत, अशी त्यांची खात्री होती.

शेवंताने पदराने तोंड पुसलं. "माही चक्की घ्या, भाऊ. चक्कीच्या जागी पाळना हलन, याच्याहून आनखी काय पाह्यजे?"

जिची रोजी जाणार तीच हो म्हणाली, तेव्हा बाकीच्यांना बोलायला जागाच उरली नाही. त्याच दिवशी सगळ्यांच्या सह्या झाल्या.

चक्की पाडायला माणसं आली तेव्हा शेवंताने त्यांना पेढे वाटले. लहानूने मशीन खोलून घरी नेलं आणि ताडपत्रीखाली झाकून ठेवलं. सरकारचा मोबदला मिळाला, पण दुसरीकडे रस्त्यावर जागा घेण्याइतका तो नव्हता. शेवंता लोकांच्या घरी पोळ्या करायला जाऊ लागली. लहानू काम शोधत हिंडू लागला. भेटले की दिवाकरराव त्याला म्हणत, "थोडे दिवस लहानू. दवाखाना झाला का तिथंच काही पाहू."

इमारत भराभर वर आली. पाहुणे आले की दिवाकरराव त्यांना मागच्या दारात नेऊन दाखवायचे, "इथं बाळंतिनींची खोली राहीन, तिकडं डॉक्टरीन बसन." आपलं अंगण गेल्याचं दुःख त्यांना नव्हतं, उलट अभिमान होता.

एक दिवस त्यांच्या पत्नी प्रेमला भाजी घेऊन परतल्या. पिशवी ओट्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "अहो, दवाखान्याले इतके शटर काहून लागते?"

"औषधायची दुकानं असतीन," दिवाकरराव म्हणाले.

"इतकी?"

दिवाकरराव उठून शटरं मोजायला बाहेर गेले. त्याच आठवड्यात इमारतीवर मोठा फलक लागला. शॉपिंग कॉम्प्लेक्स. दुकानांचं बुकिंग सुरू. प्रसूतिगृहाचा त्यावर एक शब्दही नव्हता.

दिवाकरराव धुतलेला शर्ट घालून विभागाच्या कार्यालयात गेले. साहेबांनी त्यांना लगेच आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला.

"साहब, वहाँ तो मैटरनिटी होम बनना था."

"वो प्लान नहीं रहा."

"कब बदला?"

साहेबांनी खोटं बोलण्याचीही तसदी घेतली नाही. "आप तो सरकारी आदमी रहे हैं, आपसे क्या छुपाना. प्लान शुरू से यही था. कॉम्प्लेक्स बोलते तो कोई देता क्या? अस्पताल बोला तो सबने दे दिया. और आपने समझाया भी बहुत अच्छा."

शेवटचं वाक्य साहेबांनी कौतुकानं म्हटलं होतं. दिवाकररावांच्या हातातला कप तसाच राहिला. आपल्याला फसवलं, एवढंच असतं तर त्यांनी ते सहन केलं असतं. पण आपल्याकडून लोकांनाही फसवून घेतलं होतं. शेवंताला मोनालीची आठवण करून देणारं ते वाक्य आपल्या तोंडचं होतं. साहेबांना ते बोलावंही लागलं नव्हतं.

साहेब पुढे सांगत होते. कॉम्प्लेक्सला पार्किंग कमी पडणार होतं. बोळातली बाकीची घरंही हवी होती. लवकरच लोकांची सभा ठेवली आहे. "दो शब्द आप बोल दीजिए. बेटे के लिए एक दुकान देख लेंगे."

दिवाकररावांनी तिथेच उठून यायला हवं होतं. पण जन्मभर साहेबांसमोर उभं राहिलेल्या माणसाचे पाय तसे चटकन निघत नाहीत. "सोचकर बताता हूँ," ते म्हणाले. चहा संपवला आणि नमस्कार करून बाहेर पडले. जिना उतरताना त्यांच्या ध्यानात आलं की आपण त्या माणसाला नमस्कार केला.

घरी त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा पियुष एका मोबाइलच्या दुकानात नोकरीला होता. त्याला मराठी कळायची, पण उत्तर तो हिंदीतच द्यायचा.

"पापा, जो गया सो गया. आप नहीं बोलोगे तो कोई और बोल देगा. कम से कम अपनी दुकान तो हो जाएगी."

"आन मी शेवंताबाईले तोंड कसं दाखवू?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

पुढचे कितीतरी दिवस दिवाकरराव स्वतःची समजूत घालत राहिले. आपण एकटे काय करणार? कागदावर तर सह्या झाल्याच आहेत. मुलाला दुकान मिळत असेल तर निदान एका घराचं तरी भलं होईल. साहेबांचा संताप त्यांना येत होता. पण बोळात साहेबांचं हे बोलणं कळलं तर, या भीतीने तो रोज दाबला जात होता.

एक दिवस ते स्कूटरवरून कॉम्प्लेक्ससमोर थांबले. निळ्या गणवेशातला एक रखवालदार शिट्टी वाजवत पुढे आला. तो लहानू होता.

"भाऊ, इथं नका लावू," तो हलक्या आवाजात म्हणाला. "दुकानवाल्यायच्या गाड्या लागते इथं. मंग मले बोलते ते लोक."

लहानू उभा होता त्या जागी त्याची चक्की होती.

"तू इथं कवापासून?"

"झाला महिना. काय करता, भाऊ. घरी बसून भागत नाही." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "शेवंता मात्र इकडून येत नाही. तलावाकडून फेरा मारून जाते कामावर."

दिवाकररावांनी स्कूटर वळवली आणि थेट शेवंताच्या घरी गेले. शेवंता नुकतीच कामावरून आली होती. तिने पाणी दिलं. मोनाली बाळ गेल्यापासून माहेरीच होती; ती आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती.

"शेवंताबाई, मले माहीत नव्हतं," दिवाकरराव म्हणाले. "साहेबानं मले फसवलं."

"तुमाले साहेबानं फसवलं, भाऊ," शेवंता म्हणाली. "आमाले कोनं फसवलं?"

शेवंता तेवढ्यावर थांबली नाही.

"सरकार म्या कुठं पाह्यलं होतं? म्या तुमाले पाह्यलं होतं. तुमी मोनालीचं नाव घेतलं म्हनून म्या हो म्हनलं."

आतला सुपाचा आवाज थांबला होता. दिवाकरराव आपलं दुःख सांगायला आले होते. त्या घरात त्यांच्या दुःखाला जागा नव्हती. भांडं खाली ठेवून ते उठले.

तिथून ते सुशीलाबाईंकडे गेले. दार उघडल्यावर त्या बाजूला झाल्या. दिवाकररावांनी त्यांना सगळं सांगितलं. साहेबांचं बोलणं, पार्किंग, मुलाच्या दुकानाचं आमिष, काहीच मागे ठेवलं नाही.

"बाई, तुमचं बरोबर होतं."

"बरोबर असून काय उपयोग झाला?" सुशीलाबाई म्हणाल्या. "तुम्ही एक शब्द बोललात आन मी रुसून घरी आली. थांबून भांडाले पाह्यजे होतं."

"जागा द्यालेच नको होती."

"नाही, दिवाकरराव. हे मी नाही मानत. शाळा, रस्ता, दवाखाना हे कोनाच्या तरी जागेवरच होतात. कोनीच काही दिलं नाही तं गाव कसं चालन? देण्यात चूक नव्हती. सरकार जागा घेते तेव्हा फक्त जागा घेते. तिथं काय बांधून राहिले, ते विचाराचा हक्क ते घेऊन नाही जात. तो आपन आपल्या हातानं देऊन टाकला."

"मी म्हनत होतो, सरकार आपलंच हाये."

"आपलंच हाये. मंग आपल्या मानसाले विचाराले लाज काहून वाटते? घरचा पोरगा पैसे मागते तं आपन विचारतो ना, कायले पाह्यजे? परक्याले नाही विचारत. तुम्ही तोंडानं सरकारले आपलं म्हनत होते, आन वागत होते जसा काही तो राजा हाये."

दिवाकरराव म्हणाले, "सभेत हे बोललो तं लोक मले दलाल म्हनतीन."

"म्हनतीन," सुशीलाबाई म्हणाल्या. "आन त्याच्यात थोडं खरंही हाये. पन साहेब काय बोलला, ते ऐकनारे तुम्ही एकटेच. तुम्ही चूप राहिलात तं आता अख्खा बोळ जाईन."

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. मंचावर साहेब आणि त्यांची माणसं बसली होती. पार्किंगमुळे पाऱ्याचा कसा विकास होईल ते सांगून झाल्यावर साहेबांनी हसून दिवाकररावांना बोलावलं. पियुष मागच्या रांगेत उभा होता. शेवंता मोनालीला घेऊन एका कोपऱ्यात बसली होती.

दिवाकररावांनी माईक हातात घेतला. सुरुवात त्यांनी हिंदीत केली, पण दोन वाक्यांतच मराठी तोंडात आली.

"मांगच्या वेळी म्या तुमाले सांगतलं होतं का इथं दवाखाना होईन. म्या साहेबाच्या शब्दावर सांगतलं होतं. नंतर साहेबाले विचाराले गेलो. ते म्हनाले, 'प्लान शुरू से यही था. अस्पताल बोला तो सबने दे दिया.' हे मले त्यायनं सोता सांगतलं. आन आजचं भाषन केलं तं पोराले दुकान देऊ, हेही सांगतलं."

साहेबांनी दुसरा माईक ओढला. "मैंने ऐसा कुछ नहीं कहा."

मागून कुणीतरी ओरडलं, "दलाल!"

दिवाकररावांनी त्या दिशेला पाहिलं. "हव," ते म्हणाले. "झालो होतो. तुमच्याकडून सह्या घेतल्या ते म्याच. आता मी सही करनार नाही, आन कोनाले करा म्हननार नाही. ज्याले विचाराचं हाये त्यानं साहेबाले विचारा. समोर बसले हायेत."

पहिली उठली ती शेवंता. तिने माईक घेतला नाही. मंचाजवळ जाऊन साहेबांसमोर उभी राहिली आणि तिला येत होत्या तेवढ्या हिंदीत तिने विचारलं, "साहब, पालना कहाँ है?"

साहेबांना आधी प्रश्नच कळला नाही. त्यांनी शेजारच्या माणसाकडे बघितलं. पण हॉलमधल्या प्रत्येकाला तो कळला होता. मग एकेक जण उठू लागला. कागदावर काय लिहिलं आहे ते वाचून दाखवा, असं कुणी म्हणालं. इमारतीची मंजुरी कधी घेतली, असं कुणी विचारलं. सुशीलाबाईंनी सगळ्यांच्या हरकती जागेवरच लिहून घ्यायला लावल्या. त्या दिवशी एकही संमती मिळाली नाही.

त्याची किंमत लगेच द्यावी लागली. दुसऱ्याच दिवशी लहानूचा गणवेश काढून घेतला. पियुष वडिलांशी कितीतरी दिवस बोलला नाही. बोळातली काही माणसं दिवाकररावांना पाहून रस्ता बदलू लागली. ते सगळं त्यांनी मुकाट्यानं सोसलं. रेल्वेत जमवलेली सगळी चिकाटी त्यांनी आता या कामात लावली. सुशीलाबाईंसोबत ते वकिलांकडे गेले, अर्ज केले, तारखांना हजर राहिले.

न्यायालयाने उरलेली घरं घ्यायला मनाई केली. आधी लोकांचं ऐका, उद्देश स्पष्ट लिहा, मग पाहू, असं सांगितलं. टोकाच्या जागेचा खटला अजून चालू आहे. कॉम्प्लेक्स उभंच आहे आणि सकाळी त्याची शटरं वर जातात.

खटल्याचा निकाल लागेपर्यंत शेवंताच्या घरची चूल थांबणार नव्हती. दिवाकररावांनी एक दिवस आपल्या बैठकीतला सोफा काढला. रस्त्याकडची ती खोली रिकामी केली आणि लहानूला मशीन घेऊन यायला सांगितलं. पियुष दारात उभा राहून पाहत होता. मशीन आत घेताना लहानूचा हात निसटायला लागला, तसा तो पुढे झाला आणि त्याने दुसरी बाजू धरली.

शेवंता म्हणाली, "फुकट नाही पाह्यजे, भाऊ. भाडं घेत असान तं बसतो."

दिवाकररावांनी भाडं घ्यायचं कबूल केलं. चक्की सुरू झाली. घरभर पिठाची पुटं बसू लागली. शेवंता आता प्रेमलाबाईंशी पूर्वीसारख्या गप्पा मारते. दिवाकररावांशी कामापुरतंच बोलते. त्यांनी त्याहून जास्त मागितलं नाही.

यंदा एक तरुण इंजिनिअर त्या बोळात आला. पावसाचं पाणी घरात शिरतं म्हणून नवी नाली काढायची होती आणि त्यासाठी काही घरांच्या पुढची हातभर जागा लागणार होती. काम खरंच गरजेचं होतं. तो दिवाकररावांकडे कागद घेऊन आला. त्यांनी कागद हातात घेतला नाही. त्याला खुर्ची दिली, सगळ्यांना बोलावलं. सुशीलाबाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवंता चक्की बंद करून बाहेर आली. "नाली नाही झाली तं काय?" तिने विचारलं. इंजिनिअर हसला नाही, चिडला नाही. नाली या वर्षात झाली नाही तर जागा मालकाकडे परत, असं त्याने लिहून दिलं. मग सगळ्यांनी सह्या केल्या. शेवंताने कागद मोनालीकडून पुन्हा एकदा वाचून घेतला आणि मगच सही केली.

वाचकहो, आज ना उद्या तुमच्या-माझ्या दारीही सरकार काहीतरी मागायला येईल. दहा घरांचं भलं होत असेल तर हातभर सोडायला आपण तयार असलंच पाहिजे. पण कशासाठी, हे विचारणं म्हणजे विरोध नव्हे, आणि लिहून मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. जो शेजारी असा प्रश्न विचारतो त्याला गप्प बसवू नका. सरकारवर विश्वास ठेवणं हा नागरिकाचा गुण आहे. पण न विचारता ठेवलेल्या विश्वासाची किंमत बहुतेक वेळा तो ठेवणारा देत नाही. त्याच्या शब्दावर सही करणारा देतो.